फारसं वाईट नाही

सालोला, उत्तर मिनेसोटा
९ नोव्हेंबर १९९६

चि. कायसास लेम्पीआत्याचे अ. उ. आ.

तुझ्या विद्यापीठाचे तब्येत विचारणारे फॉर्म आम्ही चर्चच्या बायकांनी पायपीट करून वाटले आणि गोळाही केले. सहाशे बारा. एवढ्या कागदांचं तू काय करणार, देव जाणे. लहानपणी सातचा पाढा म्हणताना रडायचीस, आणि आता म्हणे आकड्यांची पंडित!

म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी ठेवायची की बंद करायची, हे काउंटीवाले या फॉर्मांवरून ठरवणार आहेत. लोकांनी काय लिहिलं असेल ते मी न बघताच सांगते. इथे पाय मोडला तरी माणूस ‘फारसं वाईट नाही’ म्हणतो. तुझे बाबा शेवटच्या आजारात नाकात नळी असतानाही तेच म्हणाले होते.

माझं उत्तम चाललंय. बर्फ गुडघाभर आहे. वेलदोड्याचा पाव पाठवलाय, शिळा व्हायच्या आत खा. लोभ आहेच, तो उन्हाळ्यात येऊन घेऊन जा.

तुझी आत्या

अ‍ॅन आर्बर
१५ डिसेंबर

ती. स्व. लेम्पीआत्यास शि. सा. न.

पाव आला त्याच दिवशी संपला. तू म्हणालीस तसंच झालं. सरासरी काढली तर अख्खं सालोला मजेत आहे. काउंटीने तेवढंच वाचलं आणि गाडी बंद करायचा ठराव तयार केला. १४ जानेवारीच्या सभेत तो मांडणार आहेत.

पण मी सरासरीवर थांबले नाही. कोणती उत्तरं एकमेकांच्या जोडीने येतात, ते गणिताने बघत गेले. ‘तुम्ही कोणत्या गटातले’ असा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नाही, तरी तीन गट वेगळे झाले. धडधाकट माणसं, आजारी असून तसं सांगणारी माणसं, हे दोन मला अपेक्षित होते. तिसरा बघून मी खुर्चीवरून उठलेच. साधारण अडतीस जण. प्रत्येक त्रासापुढे खूण एकच, ‘फारसं वाईट नाही’. पण गाडी चालवणं सोडलेलं, डॉक्टरची भेट पुढे ढकललेली, किराणा तीन आठवड्यांतून एकदा. आणि ‘अडचणीत कुणाला फोन कराल?’ यापुढची जागा कोरी. आत्या, एकमेकांना न विचारता इतक्या जणांनी तीच जागा कोरी सोडली.

फॉर्मवर नावं नाहीत. माझा अहवाल सभेत वाचतील, पण काउंटीवाले विचारणारच, कुठे आहेत ही माणसं? सगळे काही तुझ्यासारखे खणखणीत नसतात. कुणी ओळखीचं वाटलं तर समजावून सभेला आण. माया आहे तशीच राहू दे.

तुझी कायसा

सालोला
१६ जानेवारी १९९७

चि. कायसास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा बसून वाचलं, मग ओट्यापाशी उभी राहून तिसऱ्यांदा. ती कोरी जागा माझी आहे गं. डाव्या डोळ्याने दिसत नाही. सप्टेंबरात शेजाऱ्याची रस्त्याकडेची टपालपेटी मोटारीने उडवली, तेव्हापासून मोटार बंदच आहे. तुझं नाव लिहिणार होते, पण सातशे मैलांवरून तू काय करणार, म्हणून राहू दिलं.

मला वाटायचं, ही लबाडी माझी एकटीचीच. जी गोष्ट पाद्र्याला दिसली नाही, शेजाऱ्याला दिसली नाही, ती तू बिननावाच्या कागदांत कशी पाहिलीस? भीती वाटली आणि रडूही आलं. कुणीतरी आपल्याला पाहिलं, असं किती वर्षांनी वाटलं.

सभेत अध्यक्षांनी विचारलंच, ही माणसं आहेत कुठे? मी उठले आणि म्हणाले, “त्यातली एक मी.” मग मागे एकेक खुर्ची वाजायला लागली. मान वळवायचा मला धीर झाला नाही. अध्यक्ष बोटाने मोजत होते. एकवीस झाले. ठराव मागे घेतला, गाडी राहणार.

बाहेर पडताना शेजारच्या आइनोला म्हटलं, मला घरी सोडशील का? आयुष्यात असं कुणाला विचारलं नव्हतं. तो ओशाळून म्हणाला, त्यानेही ऑक्टोबरातच मोटार विकली. मग आम्ही दोघं दारात थांबलो, तिसऱ्या कुणाला तरी विचारायला.

तुझी आत्या