अकरा न्हाणीघरांच्या मालकाची पोटगी

तीर्थस्वरूप मामांच्या दोन्ही पायांवर (दुखऱ्या डाव्यावर जरा हळूच) भाच्याचं डोकं.

पत्र लिहिण्याचं कारण की, मी एकदम मजेत आहे. एवढं वाक्य सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, बाकीचं मनात वाचा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, आता घड्याळातले बारीक स्क्रू भिंगाशिवाय दिसतात, असं कळलं. आनंद झाला. इतकी वर्षं तुमच्यापुढे भिंग धरून बसणाऱ्या मामींच्या मनगटालाही आराम पडला असेल. आता एवढी नजर सुधारलेल्या माणसाला, आपल्या दुकानाच्या भिंतीवरून भाच्याचे अकरा फोटो कोण काढून नेतंय, हे कसं दिसलं नाही, असा प्रश्न मी विचारणार नाही. तो मी गिळला आहे. (अजून खाली उतरलेला नाही, ही गोष्ट वेगळी.)

तुम्ही लिहिलंत की, झालं ते झालं, आता पोटगी मुकाट्याने भर. मामा, मुकाट्याने मी आजवर काहीही केलेलं नाही. सातवीत शाळा सोडली तीसुद्धा मास्तरांना दोन गोष्टी सुनावून. तेव्हा कोर्टात काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका, कारण तिकडे जी हकिकत फिरते आहे तिच्यात मी गाढव दिसतो.

तुमच्या भाचेसुनेने (वकिलांची सक्त ताकीद आहे, तिला आता 'अर्जदार' म्हणायचं, 'ही' म्हटलं की कोर्टाला वाटतं अजून काही शिल्लक आहे), तर अर्जदाराने माझ्याबरोबर चार वर्षांत पाच बिऱ्हाडं केली. फरशी बसवणाऱ्याचं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, जिथे इमारत तिथे आम्ही, आणि माझा पाय तर इमारत नसली तरी ठरत नाही. सहाव्या गावचं काम मिळाल्याची बातमी घेऊन मी घरी आलो, तेव्हा तिने बोचकं बांधायची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "या खेपेला तुमचं तुम्ही बांधा." मी बांधलं. मागे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, आठ दिवसांत येईल मागून. दीड वर्षाने मागून आली ती नोटीस.

इथे साइटवर एक रंगारी आहे. त्याची स्वतःची दोन लग्नं मोडलेली असल्यामुळे कायद्यात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, बेकार आहे म्हणून लिहून दे, ज्याला कमाई नाही त्याच्याकडून कोर्ट काय नेणार, डोक्याचे केस? मला पटलं. वकिलांना अर्धवट पटलं. शेवटी उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं की, सध्या कामधंदा नाही, मित्रांच्या आधाराने दिवस काढतो, आणि (मामा, इथे जरा मन मोठं करा) एक वृद्ध मामा माझ्यावर अवलंबून आहेत.

न्यायाधीश बाई होत्या. आवाज इतका हळू की मोठ्याने बोलणाऱ्यालाच लाज वाटावी. अर्जदाराच्या वकीलबाईंनी ते अकरा फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. प्रत्येकात मी, भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली, आणि पाठीमागे चकाचक न्हाणीघर. एकात मी टबाच्या कडेवर बसलोय, एकात सोनेरी नळावर हात ठेवून. मागे माझ्याच अक्षरात, 'सध्या मुक्काम इथे.' आता हे खोटं नव्हतं. दारं बसेपर्यंत आम्ही तिथेच सिमेंटच्या पोत्यांवर झोपायचो. पण तुम्ही ते दुकानात लावलेत, सासऱ्यांनी पाहिले, त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं की जावयाची अकरा न्हाणीघरं आहेत, आणि मी कशाला नाही म्हणू? बाईंनी अकराही फोटो उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "तुम्हाला न्हाणीघरं किती लागतात?"

मागच्या बाकावर सासरे बसले होते. ही माझी नाहीत म्हटलं तर त्यांच्यासमोर नाक कापलं जाणार, माझी म्हटलं तर खिसा. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "बांधली मी. वापरतात लोक." सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाईंनी फोटो बाजूला सारले, म्हणाल्या, यावरून श्रीमंती सिद्ध होत नाही. मी जिंकलो, मामा! इथेच पत्र संपवता आलं असतं.

पण मी उभा होतो त्या पिंजऱ्यात डाव्या टाचेखालची फरशी पोकळ वाजत होती. टक्, टक्. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हतं, माझ्या मात्र डोक्यात जात होतं. किती वेळ सहन करायचं? मी म्हणालो, "बाई, ही कुणी बसवलीय? खाली मसाला अर्धाच भरलाय, सहा महिन्यांत उखडेल." आमच्या वकिलांनी माझी बाही ओढली. बाईंनी (तशाच हळू आवाजात) विचारलं, तुम्हाला हा हॉल करायला किती दिवस लागतील? म्हटलं, एकट्याला चार दिवस, आणि पाणसळीला केसाचाही फरक दिसला तर पैसे परत. आणि रोज काय घेता? मी सांगितला. जादा वेळाचा दरसुद्धा सांगितला, कारण निम्मं सांगायची मला सवय नाही. कोपऱ्यातला टायपिस्ट टकाटक टाइप करत होता. कोर्टात बोललेलं टाइप होतं, हे रंगाऱ्याने सांगितलं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, धडधाकट माणसाच्या हातात कसब असेल, तर त्याने कागदावर शून्य लिहिलं म्हणून त्याची कमाई शून्य होत नाही. तो किती कमवू शकतो ते कोर्ट बघतं. मग अवलंबून असलेल्या मामांचा विषय निघाला. अर्जदार पहिल्यांदाच बोलली, "यांच्या पायातले बूट मामांनीच घेऊन दिलेत." सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. चांगले आहेत बूट, त्याबद्दल आभार.

आमच्या वकिलांनी शेवटचा घाव घातला की, अर्जदार शाळेचे गणवेश शिवते, स्वतः कमावते, तिला पोटगी कशाला? बाई म्हणाल्या, चार पैसे मिळवते म्हणजे तिचं भागतं असं नाही. ते घरभाड्यालाही पुरत नाहीत. तिची गरज एका बाजूला आणि याची ऐपत दुसऱ्या बाजूला, असं धरून आकडा ठरेल. आणि त्यांनी अर्जदाराच्या महिन्याच्या खर्चाची यादी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, काही हरकत असेल तर सांगा.

मामा, ती यादी वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दूध एक वेळचं. पंखा नाही. चप्पल वर्षातून एकदा. डॉक्टर, 'लागल्यास'. एकूण नऊ कलमं, आणि नवव्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ही काय मागणी झाली? शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं मागणं! चार वर्षं माझ्या घरात नांदलेली बाई अशी राहणार? मी मोठ्याने म्हणालो, "ही यादी साफ खोटी आहे! एवढ्यात माणूस जगेल का?" वकिलांनी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "मग किती लागेल?" मी कलमवार सांगत गेलो. दोन वेळचं दूध. पंखा, तोही छताचा. शिवणकामाला चांगला दिवा, तिचे डोळे दुखतात. टायपिस्टची बोटं दुखेपर्यंत सांगितलं. शेवटी बाईंनीच मी सांगितलेल्या आकड्यातून थोडं कमी केलं, कारण देणाऱ्यालाही जेवावं लागतं म्हणे. निकाल लागला तो तिने मागितल्यापेक्षा वर!

अर्जदार माझ्याकडे बघत राहिली. मी बघितलं नाही. (एकदाच बघितलं.)

तरी मी वाकणार नाही. मी वरच्या कोर्टात जाणार. वकील म्हणतात, जाणार कशाविरुद्ध, आकडा तुमचाच आहे. पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि कुठलं तत्त्व ते मी शोधून काढीन. समजुतीच्या चार गोष्टी मला लिहू नयेत. तुमच्या भिंतीवरची रिकामी जागा तशीच राहू द्यावी.

आपला, कुणापुढेही न वाकणारा (कामावर वाकावं लागतं, ते धरू नये)
भाचा

ता. क. पहिल्या महिन्याची रक्कम तारखेच्या सहा दिवस आधी भरली आहे. याचा अर्थ मी हरलो असा कुणी लावू नये. उशीर झाला असता तर ती म्हणाली असती, नेहमीचंच.

आणखी ता. क. नववं कलम असं होतं: 'न्हाणीघरातली फरशी उखडली आहे, पाय घसरतो, गवंड्याला द्यावे लागतील.' गवंड्याला, मामा! लोकांची अकरा केली मी, आणि हिचा पाय घसरतो. तिची खोली तुमच्या दुकानाच्या वरच आहे. जिना चढा (हळू), लांबी-रुंदी मोजून कळवा, दुकानातल्या छोट्या पट्टीने नको, टेपने. उरलेल्या फरश्या माझ्याकडे पोत्यात आहेत, अकरा कामांच्या अकरा रंगांच्या. एकमेकींशी जुळणार नाहीत, पण पक्क्या बसतील. येत्या रविवारी किल्ली मिळेल का, एवढं हिला विचारा. मजुरी नाही, आणि कोर्टाचा याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगा. ती घरी नसली तरी चालेल. असली तरी माझी हरकत नाही.

फोटो काढणार नाही. ती दोरी अजून माझ्याकडेच आहे, येताना घेऊन येतो. तिथे कपडे वाळत घालायला होईल.