चौथी छडी

मु. टेकडवाडी, ता. भोकरदन
दि. ४ फेब्रुवारी १९७३

ती. कौसल्याक्कास,
धाकट्या देवानंदचा सविनय जयभीम. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल, पडल्या पडल्या लिहितो आहे. डोक्याला सात टाके पडलेत. घाबरू नको, कान वाचला.

परवा प्रार्थना संपता संपता बिरू नावाचा मेंढपाळ काठी घेऊन शाळेत शिरला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यावर. तीनशे मुलांनी आपल्या मास्तरला मातीत पडलेलं पाहिलं. कारण एवढंच, की त्याची मुलगी बेबीनंदा, मॅट्रिकच्या वर्गातली, सलग तीन दिवस उशिरा आली. नियम सर्वांना सारखा. मी चार छड्या मारल्या. चौथीला तिनं हात आखडला, छडी बोटांवर बसली.

बिरूला पोलिसांनी लगेच नेलं. हेडमास्तर अप्पाराव म्हणतात, शिस्त गेली तर शाळेत उरतं काय. फिर्याद दिलीच पाहिजे. मलाही ते बरोबर वाटलं. दिली.

दाजींना जयभीम. तुझ्या चार ओळी आल्या की बरं वाटेल.

तुझा,
देवानंद

---

कुंभार पिंपळगाव
दि. ११ फेब्रुवारी १९७३

चि. देवानंदास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं डोकं फुटल्याचं वाचून पत्र खाली ठेवलं. टाके सुकेपर्यंत उन्हात फिरू नको, खानावळीचं तिखट बिलकुल खाऊ नको.

मंग पत्र पुन्हा वाचलं. पोरीच्या बोटाचं काय झालं, ते तू लिहिलंच न्हाई. उशीर का झाला, तेबी न्हाई. इचारलंस का तिला? आमी हितं दुष्काळी कामावर खडी फोडून राह्यलो. माझ्या बाजूला दोन शाळकरी पोरी बसत्यात. दिवस उगवायच्या आधी खडी फोडायची अन् मंग शाळेकडं पळायचं.

तू पाचवीत माठाला शिवला म्हणून मास्तरानं तुला बुटानं मारल्तं. मी तुला पाठीवर घरी आणल्तं. त्या दिवशी आपल्या बापानं काठी उचलली असती, तर मला बरं वाटलं असतं.

रागानं लिहिलं, पण माया तेवढीच हाय.

तुझी अक्का,
कौसल्या

---

मु. टेकडवाडी
दि. २२ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. मग बिरूच्या घरी गेलो. त्याची बायको साखराबाई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, आता मारायला कोणता हात राहिलाय.

बेबीनंदाच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं आहे. पहाटे खडी फोडून तळहाताला आधीच फोड आले होते. त्या दिवशी ती ते सांगायला लागली होती. मला आठवतं, मी तिला गप्प बस म्हणालो.

तिथून ठाण्यात गेलो. बिरूचे ओठ फाटलेले, पुढचे दोन दात पाडलेले. मी फौजदाराला म्हणालो, पहिला मार माझा होता, तसं लिहून घ्या. तो हसला, पण लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी बिरू सुटला. माझ्या बाजूनं सरळ घराकडं निघून गेला. अप्पारावांनी मला परीक्षेनंतर दुसरी शाळा बघायला सांगितलं आहे. बेबीनंदाला लेखनिक मिळावा म्हणून मी बोर्डाकडे अर्ज केला आहे.

काल ती शाळेत आली. पुन्हा उशीर झाला होता. मी काही म्हणायच्या आत तिनं दारातच डावा हात पुढं केला. माझ्याकडं छडी नव्हती. मी तिला आत येऊन बस म्हणालो. ती हलली नाही. हात खाली घे, असं मला तिला दोनदा सांगावं लागलं.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
देवानंद