सोवळ्याची परडी

अण्णा, मी समुद्रावर बसले आहे, तेही वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर. तुमचा नातू इथल्या मेडिकल कॉलेजात शिकवतो आणि आज कामाचा दिवस असूनही तो मला इथं घेऊन आला. हा किनारा पाहुण्यांचा नाही, गावातल्याच लोकांचा. वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या, जंगली बदामाची झाडं आणि सावलीत मासे तळणारी एक बाई, बाकी सगळं सामसूम. इतकी शांत जागा पाहिली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्यानं मला आजच इथं का आणलं? माझे रिपोर्ट वाईट आलेत का? का आता नांदेडला परत जाऊ नको, इथंच राहा म्हणणार आहे? मी सरळच विचारलं, "काय काम काढलंस रे?" तो हसला. "काही नाही आई, तुला पाणी बघायला आवडतं म्हणून." मी मान डोलावली, पण विश्वास काही ठेवला नाही. मला कुणी हौसेनं कुठं नेलं की मी त्यामागचं काम शोधत बसते. ही खोड मला तुमच्यामुळं लागली, अण्णा.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही सरकारी शाळेत मास्तर, मुलांना उर्दूतून हिशेब शिकवायचे, आणि घरी देवाधर्माची यथेच्छ टिंगल करायचे. आईच्या चातुर्मासाला तुम्ही पोटाची सुट्टी म्हणायचे. असा माणूस एका सकाळी उठला आणि म्हणाला, आजपासून देवाला गोदावरीचं पाणी मी स्वतः आणणार, सोवळ्यानं, आणि पोरगी बरोबर येईल. ज्यानं मला कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलं नव्हतं, त्यानं. आईनं तिथंच डोळे बारीक केले. तुमची पाठ वळल्यावर ती पोळपाटाशी पुटपुटली, "जिंदगीत देवाफुडं हात न्हाई जोडला, अन् आता गंगेचं पाणी आणून राहिले. काहीतरी हाय." तिला वाटायचं, नदीकडं कुणी बाई आहे. मला काहीच वाटत नव्हतं. माझ्या पायाला नुसती भिंगरी लागली होती.

घाट सोडून तुम्ही मला पार खाली न्यायचे, जिथं पात्रात टरबुजांच्या वाड्या होत्या. तिथं चिटपाखरू नसायचं. तुम्ही मला बुडी मारायला लावायचे, मग मी काठावरची कण्हेरीची फुलं तोडून परडी भरायची. तुम्ही ओलेत्यानं तांब्याची घागर खांद्यावर घ्यायचे आणि मी पुढं चालत ओरडायची, "सोवळं हाय, सरका बाजूला!" मोठी माणसं माझ्या शब्दानं भिंतीला चिकटायची. असला रुबाब मला पुन्हा आयुष्यात मिळाला नाही, हेडमास्तरीण झाल्यावरसुद्धा नाही. आणि तुमचं सोवळं तरी किती कडक! एकदा दारात आईचा पदर घागरीला नुसता लागला, तर तुम्ही सगळं पाणी अंगणात ओतून मला घेऊन परत नदीवर गेलात. आई भारावली. आता वाटतं, त्या सकाळी टरबुजांच्या वाडीवर तुम्हाला भेटायचा तो माणूस पहिल्या खेपेला आलेला नव्हता, एवढंच.

कारण त्याला मी पाहिलं ना. तुमच्या हातून चूक झाली ती तिथंच. मी फुलांत गुंतले आहे असं समजून तुम्ही, भरली घागर खांद्यावर असताना, वाडीतल्या त्या माणसाच्या हातून एक पुडकं घेतलंत. त्याची बोटं तुमच्या बोटांना लागली. त्यानं तुमच्या पाठीवर थाप मारली आणि तुम्ही हसलात. मी वाट बघत राहिले की आता हे पाणी ओततील. तुम्ही ओतलं नाही. तेच पाणी घरी आणून देवावर घातलंत. म्हणजे सोवळं खोटं होतं. आणि सोवळं खोटं असेल, तर मला नेण्याची हौस तरी खरी कशावरून? त्या सकाळी मी तुमच्या मागून चालत आले. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढं एकदा चौकात पोलिसांचा जवान आपल्याला अडवतो. तो दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. "मास्टरसाब, टोकरी में क्या है?" तुम्ही म्हणता, "फूल है, पूजा के." आवाज तुमचा, पण घागर हलते आहे, पाणी छातीवर सांडतं आहे. तो हात पुढं करतो. "दिखाव." आणि मी परडी पोटाशी धरून भर रस्त्यात फतकल मारते, भोकाड पसरते. "शिवू नका! सोवळं हाय! बाटलं तर देवाला चालत न्हाई!" जवान बावचळतो, हात मागं घेतो. "अरे, रो मत बेटी. जाव, जाव."

निजाम गेला तेव्हा सगळ्यांना कळलं की फुलांखाली हदगावकडून, पैनगंगेपलीकडून येणारी निजामाविरुद्धची पत्रकं असायची. तुमचा सत्कार झाला. आल्यागेल्याला तुम्ही मला पुढं करून सांगायचे, "हिच्या भोळेपणानं वाचलो बघा. पोरीला काई म्हणता काई ठाऊक न्हाई." आईसुद्धा हसायची. सगळे माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. पण घागर माळ्यावर गेली ती गेलीच. मी दोनदा विचारलं, नदीवर जायचं का. तुम्ही म्हणालात, "आता कशाला?" त्या दोन शब्दांत मला माझं उत्तर मिळालं. मला राग आला, अण्णा. अजून आहे.

मुलगा पाण्याच्या कडेनं लांबवर फिरून आला, माझ्याशेजारी बसला. अजून काही बोललेला नाही. कदाचित त्याला खरंच काही सांगायचं नसेल. हा कागद मी त्याला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर तो पोचायचाच नाही, म्हणून सांगून टाकते. त्या दिवशी मी भोळेपणानं रडले नव्हते. आदल्या आठवड्यातच मी परडीत हात घालून कागद चाचपले होते. तुम्ही धरले जाल याची भीती मला होतीच. पण खरी भीती वेगळी होती. तुम्ही तुरुंगात गेलात, तर उद्यापासून मला नदीवर कोण नेणार?