माल भिंतीपासून एक हात दूर

२ सप्टेंबर
बाथरूमच्या भिंतीतला फुटका पाइप प्लंबरने बदलला. गळती बंद. पलीकडे बेडरूमच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके उरलेत, ते चार दिवसांत काढतो. तीस तारखेला लेक बाळाला घेऊन राहायला येतेय, पहिल्यांदाच. बाळाची छाती घरघरते. फोनवर म्हणाली, भिंतीवर एक ठिपका दिसला तरी आल्या पावली परत जाईन. मी म्हटलं, कागदाच्या गोदामात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ओल शिकवू नकोस. तिथली पाटी मीच लिहिली होती: माल भिंतीपासून एक हात दूर. खिडक्या रोज दोनदा उघडाव्यात.

४ सप्टेंबर
मास्क, हातमोजे, ब्लीच. भिंत घासून पुसली. एकही ठिपका नाही. मोहीम फत्ते.
कपाटामागचं तेवढं राहिलं. कपाट जड आहे आणि माझी कंबर सर्वश्रुत आहे. शिवाय ते हिचं कपाट. ही जाऊन चौदा महिने झाले. आत सगळं होतं तसंच ठेवलंय.

७ सप्टेंबर
ठिपके परत. त्याच जागी, आणि सोबत नवे पाहुणे. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून पाणी झिरपत असणार. जाऊन खडसावलं. त्यांनी शांतपणे बाथरूम दाखवलं. खडखडीत कोरडं. जरा जास्तच कोरडं. संशयास्पद.

९ सप्टेंबर
प्लंबरला परत बोलावलं. म्हणाला, पाइप ठणठणीत आहे, या खोलीला वाराच नाही, खिडकी उघडा आणि कपाट पुढे ओढा. माझीच पाटी मला वाचून दाखवतोय. पण तो नियम मालासाठी होता. हा माल नाही.
खिडकी बंद ठेवतो ती धुळीमुळे.

१२ सप्टेंबर, सकाळी ७
ओल मोजायचं यंत्र आणलं. बाहेरच्या खोलीची कोरडी भिंत १२ टक्के. बेडरूमची भिंत २६. यंत्र सदोष.
कपाटाची रोजची तपासणी पार पडली. दार उघडायचं, डोकं आत घालायचं, दहापर्यंत मोजायचं, दार बंद. हिच्या शालीचा वास अजून आहे. मध्यंतरी विरत चालला होता. खिडकी लावून घेतली तेव्हापासून टिकलाय. अर्थात, मुख्य कारण धूळच.

१५ सप्टेंबर, सकाळी ६.४०
कपाटाचं दार बोटभर उघडं. काल मी स्वतः लावलं होतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नोंद केवळ नोंदीसाठी.

१६ सप्टेंबर
आजही उघडं. तेवढंच, बोटभर. हिला बोलायचं असलं की खोलीत येत नसे, दार एवढंच उघडून उभी राहायची, आणि मी पेपर खाली करेपर्यंत गप्प. आज पेपर खाली केला. पाच मिनिटं तसाच बसलो. मग चहा केला. चुकून दोन कप.

१९ सप्टेंबर
वास वाढलाय. आता दार न उघडताही येतो, पॅसेजपर्यंत. नातवंड येणार हे हिला कळलं असावं. असं मी म्हणत नाही, फक्त सुचलं. फार बरं वाटलं. ब्लीचला आज सुट्टी. त्याच्या उग्र दर्पात बाकी काही कळत नाही.

२२ सप्टेंबर
रंगारी आला. भिंतीला हात लावला, नाक मुरडलं, म्हणाला, ओल्या भिंतीवर रंग मारणार नाही, महिन्यात पोपडे येतील. वर विचारतो, एवढ्या कुबट हवेत झोपता कसे. म्हटलं, तुम्हाला सर्दी झालीय. नाही म्हणाला. माणसाला स्वतःची सर्दी कळत नाही.

२६ सप्टेंबर
लेकीचा फोन. भिंत वाळली का, असं तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणालो. लगेच ठिपक्यांवर मोठी चादर टांगली. खोलीला शोभा आली.
रात्रीचा खोकला लागलाय. हवा बदलतेय.

३० सप्टेंबर
लेक आली. दारातच थबकली. बाळाला वरच्या बाईंकडे सोपवून आली, मग चादर ओढली. मी पाइप, प्लंबर, सदोष यंत्र, सगळं क्रमाने सांगत होतो. ती कपाटाकडे वळली तेव्हा मी आडवा उभा राहिलो. खिडकी उघडू नकोस म्हटलं, हिचा वास जाईल. चौदा महिन्यांत हे कोणाला सांगितलं नव्हतं.
तिने माझा हात धरला, कपाट उघडलं, शाल नाकाशी नेली आणि पटकन दूर केली.
"बाबा, आईला असा वास कधीच येत नव्हता. ही बुरशी आहे."
दोघांनी कपाट पुढे ओढलं. मागची भिंत माझ्या छातीपर्यंत काळी. कपाटाची पाठ बोट लावलं तर आत जात होती. शालीच्या प्रत्येक घडीवर पांढरी लव.

१ ऑक्टोबर
खिडकी सताड उघडी. दहा पिशव्या भरून कपडे गेले. शाल तीनदा धुतली. आता साबणाचा वास येतो. हिचा खरा वास आठवून पाहिला. सकाळभर प्रयत्न केला. आठवतो तो कपाटातलाच.
लेक परत गेली नाही. बाळासकट वरच्या बाईंकडे राहतेय. त्यांच्या कोरडेपणावर घेतलेल्या संशयाबद्दल माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही.

९ ऑक्टोबर
गिलावा खरवडला, पंखा दिवसभर चालू. कपाटाला नवी पाठ, जागा भिंतीपासून एक हात. मोजून. खोकला थांबला. भिंत १५. यंत्र बरोबर होतं.

१४ ऑक्टोबर, सकाळी ६.४०
भिंत १२. उद्या बाळ खाली येणार.
उठल्याबरोबर पाहिलं. कपाटाचं दार घट्ट बंद. रंगाऱ्याला विचारलं होतं. म्हणाला, ओलीने लाकूड फुगतं, मग दार बसत नाही. आता वाळलंय.