विखारसेनाचा आवाज

प्रिय गीतू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू म्हणशील, दीपमालेला फोन करायला काय झालं होतं? झालं काहीच नाही. फोनवर मी एक वाक्य बोलते, तू दोन बोलतेस, मग आपण हसत सुटतो आणि सांगायचं ते राहून जातं. हे मला सलग सांगायचं आहे. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले आहे. शेवंतीचा हंगाम आहे, गिऱ्हाईक वाकून वाकून आत बघतंय. बघू दे.

आधी बातमी. आपला खेळ पुन्हा सुरू झाला. हो, तोच, अमरावतीला कॉलेजात असताना तू कुठूनसा शिकून आणलेला. पहिल्या दिवशी आम्हाला काही उमजलंच नव्हतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, आणि आपला डाव साधला की फसला ते त्या वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. बंडूने तर विचारलं होतं, मग यात जिंकते कोण? तू म्हणालीस, कोणीच नाही, गोष्ट पुढे जाते. बंडूला ते अजिबात पटलं नाही आणि तरी तो एकही रविवार चुकला नाही. तो योद्धा वज्रबाहू, संघपाल वैद्य, मी चोर, तू नकाशे काढणारी भटकी बाई. आणि गोष्ट सांगणारा शेखर. तो विखारसेन जादूगार होऊन बोलायला लागला की खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई पंखा बंद करून ऐकत बसायच्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

तू बडोद्याला गेलीस आणि खेळ थांबला. विखारसेन त्याच्या काळ्या पहाडावरच्या गडात तसाच राहिला, आपण चौघं पायथ्याशी. तू आणि शेखर एकमेकांशी बोलेनासे झालात त्याबद्दल आम्ही त्याला कधी विचारलं नाही. तू त्याला चल म्हणालीस, त्याने वडिलांची अडत सोडली नाही, एवढं मला दोघांकडूनही वेगवेगळं कळलं होतं. दोघांचं बोलणं सारखंच होतं. त्यामुळे कोणाची बाजू घ्यावी हेही मला ठरवता आलं नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी शेखरचा फोन आला. विखारसेनाचं प्रकरण आता मिटवून टाकू म्हणाला. आवाज बसलेला होता. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण रोज पहाटे भाजीबाजारात हर्रास बोलणाऱ्या माणसाचा आवाज कधीतरी बसायचाच. वांग्याच्या ढिगावर उभा राहून तो बोली पुकारतो तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही भाव कळतो. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इतक्या वर्षांनी, आत्ताच का? संघपालला विचारलं. तो कृषी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत असतो, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. त्यालाही सांगता येईना. बंडू म्हणाला, कारण कशाले पाहिजे बाप्पा, बोलावलं ना. त्याची दर्यापूर–अकोला जीप असते, पण त्या रविवारी त्याने सवाऱ्या घेतल्या नाहीत.

इथे अकोल्यातच, माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसलो. शेखर येताना अमरावतीहून गिला वडा घेऊन आला, आपला नेहमीचा. आम्ही तिघांनी फस्त केला. त्याने मात्र एक वडा दह्यात चुरून चुरून त्याची पेज केली आणि तीही अर्धी ठेवली. गळ्याभोवती दुपट्टा. मी म्हटलं, उकडत नाही का रे? तर म्हणाला, बाजाराची सवय.

आणि मग आमची मसलत सुरू झाली. गीतू, तू असायला हवी होतीस. विखारसेनाला हरवायचं कसं? बंडूचा बेत ठरलेला, दरवाजा फोडायचा. शेखरने शांतपणे सांगितलं, दरवाजा फुटेल, पण आतून एक शब्द आला की फोडणारा दगड होईल. मागे नदी उलटी वाहायला लागली होती, ती त्याच्या एका शब्दानेच. संघपालने झोपेची वनस्पती सुचवली. पण तो जेवतो कधी, निजतो कधी, कोणालाच माहीत नव्हतं. मी त्याची काठी चोरते म्हटलं. काठीत काही नाही, असं शेखर म्हणाला. मग त्याची ताकद आहे तरी कशात? यावर आम्ही बराच वेळ डोकं लावलं. त्याने आजवर आपल्याला जे जे केलं ते सगळं आठवून काढलं, आणि एकाएकी संघपाल म्हणाला की हा माणूस हाताने काहीच करत नाही. जे करतो ते बोलून करतो.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, मग सोपं आहे, मी त्याचा आवाजच चोरते.

शेखरला विचारलं, हे खेळात बसतं का? त्याने गळ्याभोवतीचा दुपट्टा सारखा केला. मग म्हणाला, "चोरता येते. पण ठेवाले जागा पाहिजे."

मग जागा शोधणं सुरू झालं. मडकं नको, फुटेल. डबी नको, उघडेल. शंख बरा, असं बंडूचं मत पडलं, कारण त्यात आधीपासूनच काहीतरी ऐकू येत असतं. आवाज मिळाल्यावर तो शंख पुरायचा की समुद्रात फेकायचा, यावर बंडूची आणि संघपालची जुंपली. शेखर ऐकत होता, गालात हसत होता, पाण्याचा एकेक घोट घेत होता. मध्येच त्याने विचारलं, फेकून काहून देता, असू द्या ना कोणाजवळ. शत्रूचा आवाज जपून ठेवायचं कारण आम्हाला कळेना. आम्ही हसलो. पण गोष्ट सांगणाऱ्याचा मान म्हणून शेवटी ठरलं, शंख माझ्यापाशी राहील.

बेत चांगला होता, खरंच. बंडूने दरवाजाशी गोंधळ घालायचा. विखारसेन मंत्र म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात संघपालने धुरी करायची म्हणजे त्याला ठसका लागेल, आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत मी हात घालायचा. पुढच्या रविवारी आम्ही तो अमलात आणला. बंडूचा फासा बरा पडला, संघपालचा जेमतेम. मग मी टाकला. फासा खाटेखाली गेला, आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून बघतोय. सतरा. पुरेसा होता. बंडूने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

मग शेखरने पुढचं सांगितलं. इतकं हळू, की आम्हाला जवळ सरकावं लागलं. विखारसेनाने तोंड उघडलं, पण काही आलं नाही. त्याने पुन्हा उघडून पाहिलं. मग खिडकी लावली, दिवा लावला आणि तो खाली बसला. बंडू म्हणाला, आता तलवार. शेखरने हात वर करून त्याला थांबवलं, दुपट्टा काढून बाजूला ठेवला, आणि त्याच बसक्या आवाजात सांगितलं की त्याच्या स्वतःच्या स्वरयंत्रात गाठ आहे, ती वाईट आहे, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच पूर्ण काढायचं ठरवलं आहे. पुढच्याच आठवड्यात. त्यानंतर बोलता येणार नाही.

खोलीत शेवंतीच्या टोपल्या होत्या. मी त्यातलं एक फूल घेऊन पाकळ्या काढत राहिले. आम्ही दोन रविवार त्याच्यासमोर बसून काय काय ठरवलं होतं, ते सगळं मला ऐकू यायला लागलं. बंडू खाली जाऊन जीपमध्ये बसला. संघपाल माझ्याकडे बघेना. मी शेखरला म्हटलं, तू आम्हाला अडवलं का नाहीस, दुसरा काही उपाय का नाही सुचवलास. तर तो म्हणाला, "तुमी बरोबर खेळले. मले पाहाचं हाये, आता विखारसेन काय करते ते."

गीतू, हे तो आमची समजूत काढायला म्हणाला नव्हता. त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं ना. नवीन पाटीतला माल पाहण्याआधी तो जसा पुढे वाकतो, तसाच वाकला होता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं होतं.

ऑपरेशन झालं. बंडूनेच नेलं, बंडूच तिथे राहिला, नर्सबाईंशी वऱ्हाडीत भांडला आणि त्यांचा लाडकाही झाला. डॉक्टर म्हणतात, गाठ पूर्ण निघाली. गळ्याला पुढून छिद्र आहे, त्यातून श्वास. पुढे मशीन लावून किंवा शिकून थोडंफार बोलता येईल म्हणतात, त्याला वेळ आहे. तोवर तो मोबाइलवर लिहितो. अडतीवर आता त्याचा चुलतभाऊ हर्रास बोलतो आणि शेखर बाजूला उभा राहून बोटांनी भाव दाखवतो. शेतकरी चुलतभावाकडे नाही, बोटांकडेच बघतात.

आणि गेल्या रविवारी आम्ही पुन्हा खेळलो. मी नको म्हणत होते. त्याने लिहून पाठवलं, या, तो उठला आहे. तर विखारसेन उठला. इतकी वर्षं गडातून कधी न उतरलेला तो, दिवा हातात घेऊन सगळ्या पायऱ्या उतरून दरवाजाशी आला. शेखर हातांनी करून दाखवत होता, जिथे हात अपुरे पडले तिथे लिहीत होता, आणि संघपाल वाचत होता. विखारसेनाने दार उघडलं. आमच्या समोर उभा राहिला. बंडूची तलवार बाहेर होती, पण त्याने उचलली नाही. मी विचारलं, त्याला शंख परत हवा आहे का? शेखरने मान हलवली. नाही. मग काय हवंय? तो हसला, त्याने हात जोडले आणि डाव तिथेच थांबवला. मी आठवडाभर फुलं ओवताना हाच विचार करते आहे. हा माणूस खाली कशाला आला असेल?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बुधवारी संध्याकाळी तू शेखरला फोन केलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तेव्हा त्याच्याच घरी, अमरावतीला होते, त्याला फुलं आणि सूप द्यायला गेले होते. तुझं नाव दिसल्याबरोबर त्याने फोन उचलला. मी हात पुढे केला, मी बोलते म्हणून, पण त्याने फोन कानाला घट्ट धरून ठेवला. तू हॅलो म्हणालीस, मला बाजूला ऐकू आलं. मग पुन्हा म्हणालीस. मग म्हणालीस, शेखर, बोलायचं नसेल तर राहू दे, आणि ठेवलास. त्यानंतर तो कितीतरी वेळ मोबाइलवर लिहीत होता आणि पुसत होता. तुला काहीच पाठवलं नाही त्याने. मी सांगू का विचारलं, तर त्याने हो म्हणून लिहिलं नाही आणि नको म्हणूनही नाही. म्हणून त्याला न विचारता लिहिते आहे. तो गप्प नव्हता गं. तो ऐकत होता. तू कशासाठी फोन केला होतास ते मला माहीत नाही, पण जे सांगायचं होतं ते पुन्हा फोन करून सांग. पलीकडून काही येणार नाही, तरी ठेवू नकोस. बोलत राहा.

तुझीच,
दीपमाला