एकसष्टावी जोडणी

३ नोव्हेंबर, सोमवार
निवृत्तीनंतर सात वर्षांनी आज पुन्हा कामाची खुर्ची मिळाली, आणि ती डुगडुगत नाही! उस्मानपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णवाहिका केंद्रात मी नोंदी तपासणार. पहिला मजला, पूर्वेची खिडकी, चहा बरा. शेजारी रत्नमाला बसते. फोन उचलून ती “हां, बोला” म्हणते. मी सांगितलं की टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर असं बोलणाऱ्या मुलीला आम्ही उठवत असू. ती म्हणाली की मावशी, आता बोर्डच उठला. तोंडाळ आहे. आवडली मला.
कॉन्व्हेंटच्या इंग्रजीमुळे मला खात्यात नोकरी लागली होती आणि जिभेमुळे सुपरवायझरकी. दोन्ही अजून शाबूत आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार
नोंदी इथे नाहीतच. त्या कुठल्याशा कंपनीच्या भाड्याच्या डेटाबेसमध्ये, दूर कुठेतरी. संगणक सांभाळणारा मुख्तार चाळिशीचा, दाढीत पांढरं डोकावतंय. त्याने नीट समजावलं. आमच्या वाट्याला एका वेळी साठ जोडण्या. माझ्या स्क्रीनवरची प्रत्येक उघडी खिडकी म्हणजे एक जोडणी, चालकाचा मोबाइल एक, ॲपवरून गाडी मागणारा एक. एकसष्टाव्याला दार बंद. डिस्कचंही तसंच. वेगाने वाचण्या-लिहिण्याची ठरावीक शिल्लक असते. ती संपली की सगळं रांगू लागतं, जोडण्या लवकर सुटत नाहीत आणि तुंबतात. वाढीव हिस्सा त्याने दोनदा मागितला. सचिव आप्पासाहेब म्हणतात, पुढच्या सभेत बघू.
मला यात काय नवं? ट्रंक लाइनीही मोजक्याच असत. गर्दीच्या वेळी मी माझ्या लाइनीत प्लग खुपसून ठेवी, म्हणजे कोणी पळवत नसे. आजपासून आल्याबरोबर वीस खिडक्या उघडून ठेवते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दहा मिनिटं हात लावला नाही की प्रोग्राम माझी खिडकी परस्पर तोडतो. आज चौथ्यांदा तोडली. मुख्तारला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तो म्हणाला की मॅडम, हिफाजतीसाठी आहे ते, रिकाम्या जोडण्या अडकून नाय राहत. मी विचारलं की वडीलधाऱ्या बाईला मध्येच तोडणं याला तुमच्यात अदब म्हणतात का.
‘तुमच्यात’ हा शब्द निघायला नको होता. पण निघाला.
त्याने मान खाली घालून ती आपोआप तोडण्याची सोय काढून टाकली. कुठे नोंद केली नाही. मीही आभार मानले नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी अकराला सगळं रांगायला लागलं. डिस्कची शिल्लक संपली होती. त्याच वेळी लासूर स्टेशनहून अझहर नावाचा माणूस गाडी मागत होता. बायको सगीरा, नववा महिना, रक्त थांबेना. ॲपने त्याला अकरा वेळा सांगितलं, ‘जागा नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ त्याने फोन केला तर रत्नमालेची खिडकी उघडेना. चालकांचे नंबरही त्या डेटाबेसमध्येच.
आमची गाडी लासूर स्टेशनलाच रिकामी उभी होती. चालक सोमनाथ तिच्या सावलीत शेंगा खात होता.
सगीराला टेम्पोत घालून आणली. वाटेत गेली. मूलही.
माझ्या वीस खिडक्या उघड्या होत्या. वीसही रिकाम्या. मी शब्दकोडं सोडवत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
अझहर आला. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच विचारलं की आमच्या आधी कोण होतं?
 मी एकेक खिडकी हळूच बंद केली.
दुपारी आप्पासाहेबांनी विचारलं की रिकाम्या खिडक्या तोडण्याची सोय कोणी काढायला लावली. मुख्तारने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, मीच काढली, साहेब.
मी पाणी प्यायले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जोडण्यांची यादी आता माझ्या स्क्रीनवरही दिसते. मी एकही खिडकी उघडलेली नाही. तरी यादीत माझ्या नावाच्या वीस. आणि साठांच्या खाली आणखी एक ओळ. एकसष्टावी. ‘लासूर स्टेशन. सोमवार, ११.०८ पासून. वाट पाहत आहे.’
रत्नमालेला दाखवलं. ती म्हणाली, मावशी, चौदाच तर आहेत, डोळे तपासा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ती ओळ तोडली. परत आली. संगणक बंद करून चालू केला. सगळ्यांच्या आधी तीच आली.
आप्पासाहेब म्हणाले की मॅडम, तुमच्यासारखी शिस्त त्या मुख्तारला असती तर. शनिवारी त्याला काढणार.
मी मान डोलावली. डोलावली मी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सांगायला आप्पासाहेबांच्या खोलीत गेले. जिन्याचा कठडा हलतो एवढं सांगून परतले.
माझ्या वीस ओळींवर आता माझं नाव नाही. वीसही लासूर स्टेशन. खिडक्या आपोआप उघडतात— भर दुपारी, सगळे बसलेले असताना. प्रत्येकीत तोच अर्ज. रुग्ण, सगीरा. गाडी, जागा कोरी. त्याखाली एक रकाना, जो आमच्या अर्जात कधी नव्हता.
‘आमच्या आधी कोण होतं?’

१५ नोव्हेंबर, शनिवार
पावणेअकरा. मुख्तार टेबल आवरतोय. लेकीचा फोटो, डबा, पिशवी.
साठही खिडक्या उघडल्या. साठही विचारतायत. उत्तर दिल्याशिवाय बंद होत नाहीत—
टाइप केलं. नाव टाकलं.
मुख्तारचं.
देवा, आताही मी त्याचंच—
साठही खिडक्यांनी ते एकदम पुसलं. रकाना पुन्हा कोरा.
माझ्या खुर्चीमागे कोणी उभं आहे. रत्नमाला नाही, ती समोर आहे. हातावर काहीतरी ओलं, कोमट— वहीवरही—
वळणार नाही. मुख्तार जिन्यापाशी पोहोचला. हाक मारली तर थांबेल, तो नेहमी थांबतो. उठते. सगळ्यांसमोर सांगते, की सोमवारी तिच्या आधी मी—