उजवीकडची पाकळी

आबा,

आज दुपारी गुरवकाकांना बघून आले तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. चहाचं आधण ठेवलं आणि तशीच उभी राहिले. पाणी आटून पातेलं काळं पडलं तेव्हा कुठे भानावर आले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमचा इतका राग मला कधी आला नव्हता. अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घ्या.

काका आता खाटेवरच असतात, देवळातली पूजा त्यांचा मुलगा बघतो. मी मऊ भात नि सार घेऊन गेले होते. दोन घास कसेबसे खाल्ले आणि म्हणाले, "बाय, दार जरा लोटून घे." मला वाटलं, काही हवंनको असेल. तर म्हणाले, "तुझ्या आबाचा तो कौल देवानं दिलान नव्हता गो. मी दिला. त्यानंच मला सांगितलान होतान."

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. तुम्ही रत्नागिरीच्या हॉस्पिटलात, काचेपलीकडे. पोटातली गाठ पार यकृतापर्यंत गेलेली. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन विचारतात, श्वासाचं मशीन लावायचं की घरी न्यायचं? दादा मुंबईहून धावत आलेला, त्याने तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळवलेली. तो म्हणतो, "मशीन लावून मुंबईला न्यायचं, मी असं सोडणार नाही." मी म्हणते, त्यांचे हाल बघ रे. आई दोघांकडेही बघत नाही. शेवटी पदराने डोळे पुसून म्हणते, "देवाला विचारू. तो सांगेल तसं."

मग आम्ही तिघं गावच्या देवळात. कौल लावायला काकांनी फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर घरी, डावी पडली तर मुंबई. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, मागून आम्ही 'होय महाराजा' म्हणत होतो. दादाचा आवाज खणखणीत, माझा अगदी हळू. उजवी पडली. दादाने मुंबईचा हट्ट तिथेच सोडला. देवापुढे कोण बोलणार? तेव्हापासून घरात सगळे म्हणतात, देवाचीच इच्छा. आणि मी मात्र अकरा वर्षं एकच प्रश्न उशाला घेऊन झोपते, की मुंबईला नेलं असतं तर आबा वाचले असते का? आम्हीच तर तुम्हाला मारलं नाही ना?

आणि आज काका सांगतात की रिपोर्ट आले त्याच संध्याकाळी तुम्ही देवळाच्या पायरीवर जाऊन बसलात. म्हणालात, "माझी पोरं भांडत बसतील आणि बायको त्यांना तुझ्याकडे आणील. तेव्हा मला घरी पाठव." म्हणून त्यांनी उजवी पाकळी नुसती टेकवली आणि डावी दाबून बसवली. सांगताना म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडला हो! "देवाच्या तोंडचं मी बोललो, आता मला जायचंय, भार सोसवत नाही," म्हणाले.

कमाल आहे आबा तुमची! रोज संध्याकाळी तुमच्या पायांना तेल लावत होते मी. मला सांगता आलं नाही? तुम्ही गवंडी, जन्मभर ओळंबा धरून चिरे बसवलेत. बारावीनंतर पुढे काय करू विचारलं तर अंगावर खेकसलात, "तुझं तू ठरव. प्रत्येक चिऱ्याला मला विचारणार काय?" मी मागच्या पडवीत जाऊन रडले होते. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ठरवायचा हक्क माझ्याकडून काढून घेतलात, तोही गुपचूप. लेकीवर तेवढाही भरवसा नव्हता?

घरी तुम्ही चार दिवस होतात. दुसऱ्या दिवशी मी चमच्याने पेज भरवत होते. आई विहिरीवर गेलेली. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "कोणी ठरवलान?" मी म्हणाले, "देवानं." तुमचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, कळ आली. मी छाती चोळत बसले. आज कळलं, तुम्ही हसत होतात.

तेव्हा मलाही हसायला हवं होतं. काका रडत होते तेव्हा त्यांना तरी सांगायला हवं होतं. मी नुसती त्यांच्या अंगावर चादर सारखी केली नि आले. दादाला फोन लावला, तोही कापला. हे पत्र तर कुठेच जायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या दिवशी देवळात जाण्याआधी, सकाळीच, मी डॉक्टरांच्या कागदावर एकटीने सही करून आले होते. मशीन नको, आम्ही घरी नेतो, असं लिहिलेला कागद. 'होय महाराजा' म्हणत होते तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. आबा, डावी पडली असती तरी मी तुम्हाला घरीच आणणार होते.